जिरेल घरात फोम्बोही येतो आणि लामाही: याला मिश्रण म्हणावे का?

पायवाट

नमस्कार. गेल्या वर्षी दसरा उलटल्यावर मी आणि माझा मावसभाऊ नेपाळमधील जिरीपासून जुनबेसीपर्यंत पायी गेलो. एव्हरेस्टकडे जाणारी ही जुनी वाट आहे. एव्हरेस्टजवळच्या लुक्ला गावी विमाने उतरू लागल्यापासून तिच्यावरची वर्दळ फार कमी झाली आहे. जिरीतच पावसाने गाठल्यामुळे आम्ही तिथल्या जिरेल नावाच्या डोंगरी जमातीतल्या एका कुटुंबाकडे तीन रात्री मुक्काम केला. त्या तीन दिवसांत जे पाहिले ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा प्रश्न.

घराबाहेर उंच काठीला मंत्र छापलेली ध्वजा होती. आत भिंतीवर गुरू रिन्पोछे म्हणजे पद्मसंभवाचे चित्र, त्यासमोर पाण्याच्या सात वाट्या आणि तुपाचा दिवा होता. शेजारच्याच खिळ्याला लक्ष्मीचे चित्र असलेली दिनदर्शिका होती. यजमानांच्या कपाळावर दसऱ्याचा तांदूळ-दह्याचा लाल टीका वाळलेला होता आणि कानामागे जमरा, म्हणजे जवाचे पिवळे अंकुर, खोचलेले होते. आपल्याकडे घटातले धान दसऱ्याला टोपीत खोचतात, अगदी तसेच. कोजागिरीपर्यंत टीका घेणे चालू असते, असे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या रात्री घरातला चार वर्षांचा नातू दचकून उठला आणि काही केल्या थांबेना. आजी म्हणाली, "सातो गएछ." मुलाचा जीव घाबरून अंगाबाहेर निघून गेला आहे, असा त्याचा अर्थ. सकाळी तिने ताटलीत मूठभर तांदूळ आणि एक नाणे घालून फोम्बोकडे, म्हणजे त्यांच्या मांत्रिकाकडे, पाठवले. संध्याकाळी तो स्वतः आला. साठीचा माणूस, दिवसभर बटाट्याच्या शेतात राबून आलेला. त्याने ताटलीतले दोन-चार दाणे तळहातावर घेतले, चुलीच्या उजेडात बोटाने जोड्या लावून पाहिले, पुन्हा टाकले, पुन्हा घेतले. मग पांढरा घोळदार जामा चढवला, रुद्राक्षांच्या आणि काळ्या रिठ्यांच्या माळा आडव्या घातल्या, घुंगरांचा पट्टा बांधला आणि लांब मुठीचा दुतोंडी ढोल वेताच्या वाकड्या काठीने वाजवायला सुरुवात केली. भाषा मला कळत नव्हती, पण "महादेव", "गुरू रिन्पोछे" आणि "कालिञ्चोक" हे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. त्याच्यासमोर पिठाच्या लहान मूर्ती, एक अंडे, पाण्याचा कलश आणि दिवा मांडलेला होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना यजमान सहज बोलून गेले की वडिलांच्या श्राद्धाचे लामाला सांगून ठेवले आहे. त्या विधीत फोम्बो असणार नाही.

माझे प्रश्न असे: या लोकांचा मूळ धर्म कोणता? तीन परंपरा एका घरात कशा आल्या? आणि लामाला फोम्बोचे हे सारे कसे चालते?

देवराई

पायवाट, आपण पाहिलेले इतक्या बारकाईने लिहिलेत याबद्दल आभार. मी कामानिमित्त काही वर्षे दोलखा जिल्ह्यात राहिलो आहे आणि जिरी खोऱ्यात माझे वरचेवर जाणे असे, त्या आधारावर लिहितो.

जिरेल हा फार लहान समाज आहे. 2011 च्या नेपाळच्या जनगणनेत त्यांची संख्या 5,774 होती आणि त्यांतील बहुतेक जण जिरी आणि आसपासच्या गावांतच राहतात. नेपाळ सरकारने 2002 च्या कायद्यान्वये ज्या 59 आदिवासी जनजातींना मान्यता दिली, त्यांपैकी ही एक. त्यांची भाषा शेर्पा भाषेच्या अगदी जवळची आहे. स्वतःच्या उगमाची जी कथा ते सांगतात, तिचे तपशील माणसागणिक बदलतात, पण गाभा एकच असतो: सुनुवार आणि शेर्पा यांच्या सोयरिकीतून आपण झालो. या कथेत आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. शेर्पा तिबेटी बौद्ध परंपरेतले, तर सुनुवार किरात या डोंगरी जमातींच्या समूहातले. त्यांच्याकडे आजही पुइंबो नावाचा ओझा, म्हणजे मांत्रिक, असतो. तामांगांकडे त्याला बोम्बो म्हणतात आणि जिरेलांकडे फोम्बो. तिन्ही शब्द तिबेटीतल्या "बोनपो" या शब्दाच्या नात्यातले आहेत; बोनपो म्हणजे तिबेटच्या जुन्या बोन धर्माचा माणूस. नेपाळीत या साऱ्यांना सरसकट झाँक्री म्हणतात.

"मूळ धर्म कोणता" हा प्रश्न मीही तिथल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारला होता. त्यांनी उलट विचारले, "कशासाठी बोलवायचे आहे?" तेव्हापासून मी तो प्रश्न सोडून दिला. त्या घरात कोणत्या प्रसंगी कोणाला निरोप पाठवायचा हे सर्वांना लहानपणापासून ठाऊक असते. जिवंत माणसाला काही झाले, म्हणजे मूल दचकले, गाय आटली, पोटात कळा येऊ लागल्या किंवा घरात एकामागून एक आजारपणे सुरू झाली, की फोम्बो. माणूस गेला, की लामा. कारण मेलेल्याला पुढची वाट दाखवणे, पोथी वाचणे आणि पुण्य पोचवणे ही विद्या त्याची. आणि वर्षाच्या चक्रात दसरा-दिवाळी, म्हणजे दशैं आणि तिहार, हे सणवार. त्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही. घरातील वडीलधारी माणसेच टीका लावतात.

तुम्ही तांदळाच्या दाण्यांचे जे वर्णन केले आहे, त्याला जोखना म्हणतात. दाणे जोडीने येतात की एकटा उरतो, तुटका आहे की अखंड, यावरून कोणाची बाधा आहे ते ठरते. त्या तांदळाला नेपाळीत "अछेता" म्हणतात. आपल्या "अक्षता" शब्दाचेच ते रूप आहे. धुरासाठी जी पाने वापरतात ती तितेपातीची असतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली आहे, आणि तिचा वास ओळखीचा वाटला असेल तर त्याचे कारण तेच आहे.

खरी गुंतागुंत पाहायची असेल तर झऱ्याकाठी उभे राहावे. पाण्याच्या उगमापाशी जे अदृश्य राहते, त्याला नेपाळीत नाग म्हणतात आणि शेर्पा व तिबेटी परंपरेत लु. तिथे कोणी घाण केली, झाड तोडले, की ते रुसते आणि अंगावर फोड उठतात. आता त्याची समजूत कोणी काढायची? फोम्बो त्याला नागच म्हणून हाक मारतो आणि दूध घालतो. लामाकडे त्याच्यासाठी स्वतंत्र पोथी आहे. आणि नागपंचमीला दारावर नागाचे चित्र चिकटवण्याची रीत नेपाळभर आहे. झरा एकच, रुसणारा एकच, त्याला हाका मारण्याच्या तऱ्हा तीन. याला भेसळ म्हणावे असे मला कधी वाटले नाही.

एक रेघ मात्र ठळक आहे, ती रक्ताची. फोम्बोच्या विधीत कोंबडे कापले जाऊ शकते, दशैंमध्ये दुर्गेला बोकड दिला जातो. लामाच्या विधीत मात्र पिठाच्या मूर्ती असतात, ज्यांना तोर्मा म्हणतात, आणि रक्त वर्ज्य असते. म्हणजे या एका बाबतीत फोम्बो आणि दशैं एका बाजूला पडतात आणि बौद्ध परंपरा दुसऱ्या बाजूला. तुमच्या फोम्बोने पिठाच्या मूर्तीही मांडल्या होत्या आणि अंडेही. दोन्ही बाजूंचे सामान एकाच पाटावर आलेले तुम्ही पाहिले.

अनघा_नाशिक

देवराई यांचे विवेचन मनापासून आवडले, परंतु त्यातून असा समज होऊ शकतो की तीन परंपरा आपोआप, गोडीगुलाबीने एका घरात नांदू लागल्या. दशैंच्या बाबतीत तसे घडलेले नाही आणि ते सांगायला हवे.

नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा यांच्या काळात 1854 साली जो मुलुकी ऐन, म्हणजे देशाचा कायदा, लागू झाला, त्याने देशातील प्रत्येक समाजाला एकाच जातीच्या उतरंडीत बसवले. जानवे घालणारे वर, त्यांच्याखाली मतवाली म्हणजे मद्य घेणाऱ्या डोंगरी जमाती, आणि सर्वांत खाली ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही असे समाज. ज्या बौद्ध किंवा किरात लोकांच्या परंपरेत अशी उतरंडच नव्हती, त्यांनाही त्यात एक पायरी देण्यात आली. गोहत्या हा कठोर शिक्षेचा गुन्हा होता. दशैं हा घरचा सण होण्याआधी राज्याचा सण होता: राजाच्या हातून दरबारी टीका घेत, अधिकाऱ्यांच्या हातून गावचे मुखिया घेत आणि मुखियाच्या हातून रयत घेई. टीका घेणे म्हणजे ती सत्ता मान्य करणे. 1962 च्या राज्यघटनेने नेपाळला हिंदू राष्ट्र म्हटले. 1990 मध्ये लोकशाही आल्यावर अनेक जनजाती संघटनांनी दशैंवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच इतिहास होता. 2006 मध्ये संसदेने देश धर्मनिरपेक्ष असल्याचे जाहीर केले.

आजच्या जिरेल आजीला टीका लावून घेताना यातले काही आठवत असेल असे मी म्हणत नाही. चार-पाच पिढ्यांत लादलेली गोष्टही आपली होते, तिच्यात नातवंडे आणि लेकी-सुना येतात, माहेरच्या वाटा येतात. ते प्रेम खरेच आहे. पण इतिहास वगळून केवळ सहिष्णुतेची गोष्ट सांगितली, तर ज्यांनी ते सोसले त्यांच्यावर अन्याय होतो.

जनगणनेचेही पाहा. 2011 मध्ये 81.3 टक्के लोकांची नोंद हिंदू आणि 9 टक्के लोकांची बौद्ध अशी झाली. त्या गणनेत "बोन" आणि "प्रकृती" असेही वर्ग होते, पण एका माणसाला एकच. पायवाट यांच्या यजमानांनी कोणता निवडावा? जो निवडतील तो निम्माच खरा असेल.

औषधपेटी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, त्यामुळे माझे लक्ष त्या चार वर्षांच्या मुलाकडे गेले. रात्री दचकून रडणारे मूल हे तापाचे, कानदुखीचे, जंतांचे किंवा आणखी गंभीर आजाराचे असू शकते. त्याला कोणी तपासले का?

विषय जिरीचा आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. या समाजावर जंतांच्या संसर्गाविषयी महत्त्वाचे आनुवंशिक संशोधन झाले आहे. अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी जिरेल कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या, तेव्हा जवळजवळ सारा समाज एकमेकांशी नात्याने जोडलेला असल्याचे दिसले. आणि गोल जंतांचा त्रास कोणाला जास्त होतो आणि कोणाला कमी, यातील फरकाचा मोठा वाटा आनुवंशिक असल्याचे त्यातून पुढे आले. ज्या घरांत पोटदुखीला फोम्बो येतो, त्याच घरांनी या अभ्यासाला साथ दिली. जिरीला स्विस मदतीतून 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून कामे सुरू झाली, तेव्हापासून तिथे दवाखान्याची सोय आहे. म्हणजे "तिकडे दुसरे काही नाही म्हणून ओझा" हे स्पष्टीकरण जिरीला लागू पडत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. दाणे पाहून बाधा सांगितली जाते, आणि त्या बाधेच्या यादीत मसान (स्मशानातले भूत), नाग यांच्यासोबत बोक्सी, म्हणजे चेटकीण, हीसुद्धा असते. नागाला दूध घालून भागते. बोक्सी मात्र गावातलीच कोणी जिवंत बाई असते, बहुधा विधवा, गरीब किंवा दलित. नेपाळमध्ये अशा बायकांना मारहाण झाली आहे, विष्ठा खाऊ घातली गेली आहे, त्यांचे जीव गेले आहेत. म्हणूनच तिथे 2015 मध्ये बोक्सीचा आरोप करणे हाच गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा कशासाठी लागला, हे या चर्चेतील सर्वांना ठाऊक आहे. या परंपरेविषयी आस्थेने लिहिणाऱ्यांनी हा भाग गाळू नये, एवढीच विनंती.

देवराई

अनघाताई, आपला मुद्दा मला मान्य आहे. मी दशैंविषयी एका वाक्यात उरकले, ते चुकलेच. टीका कोणाच्या हातून कोणाला, हा क्रम मी लिहायला हवा होता.

औषधपेटी, बोक्सीविषयी आपण म्हणता ते खरे आहे आणि ते टाळता येणार नाही. एवढीच भर घालतो की सगळे फोम्बो सारखे नसतात. माझ्या ओळखीचे एक फोम्बो दाण्यांतून कोणाचे नाव कधीच काढत नसत. "मी वाऱ्याशी बोलतो, शेजारणीशी नाही," असे ते म्हणत. नेपाळमध्ये गेली काही दशके धामी-झाँक्रींना जलसंजीवनी देणे, गंभीर रुग्ण दवाखान्यात पाठवणे असे प्रशिक्षण देण्याचे प्रयत्न झाले आहेत, कारण लोक आधी त्यांच्याकडे जातात हे वास्तव आहे.

लामाला हे कसे चालते, हा पायवाट यांचा प्रश्न राहिला होता. हिमालयात याविषयी एक कथा सर्वदूर सांगितली जाते. कैलास कोणाचा, यावरून तिबेटी बौद्ध संत मिलारेपा आणि बोनपो नारो बोनछुंग यांच्यात पैज लागली: पहाटे जो आधी शिखरावर पोचेल त्याचा. नारो बोनछुंग आपल्या ढोलावर बसून उडत निघाला. मिलारेपा शांत बसून राहिला आणि सूर्याचा पहिला किरण फुटताच त्या किरणासोबत शिखरावर पोचला. बोनपोचा ढोल उतारावरून गडगडत खाली गेला. पण कथा तिथे संपत नाही. हरलेल्याने राहायला जागा मागितली, तेव्हा मिलारेपाने मूठभर बर्फ उचलून शेजारच्या डोंगरावर फेकले आणि तो डोंगर त्याला दिला. लामा वर आहे हे ठरले, पण बोनपोला डोंगर मिळाला. जिरीतल्या लामाचे वागणे मला या कथेसारखे वाटते. तो फोम्बोला आपल्यापेक्षा कमी समजतो, रक्ताबद्दल नाक मुरडतो, आणि स्वतःचे मूल दचकले की आजीने तांदूळ पाठवले तर अडवत नाही.

हे सर्वत्र असेच राहिले नाही. वर खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टलगतच्या शेर्पा मुलखात, 1916 मध्ये तेंगबोछेचा मठ उभा राहिला, ब्रह्मचारी भिक्षूंची संख्या वाढली, आणि शेर्पांमधले ल्हावा, म्हणजे त्यांचे झाँक्री, हळूहळू मागे पडले. जिरीतले लामा मुख्यतः गृहस्थ; शेती करतात, मुलेबाळे आहेत, बाजारच्या दिवशी फोम्बोच्या शेजारी बसून चहा घेतात. मोठा मठ जवळ नसणे हे फोम्बो टिकण्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

फोम्बो होण्याविषयीही थोडे सांगतो, कारण तिथे पुन्हा तिसरेच काही दिसते. ही विद्या शाळेत किंवा पोथीत मिळत नाही. एखाद्या मुलाला अचानक कंप सुटतो, तो रानात पळतो, घरचे म्हणतात की मेलेल्या फोम्बो-आजोबांनी त्याला निवडले. किंवा बनझाँक्री, म्हणजे रानातला पहिला झाँक्री, मुलाला उचलून गुहेत नेतो आणि मंत्र शिकवतो. तो जेवण देतो ते हाताच्या पालथ्या बाजूवर घ्यायचे असते; तळहात पुढे केला तर शिक्षा. त्याची बायको मुलाला खायला टपलेली असते आणि तो मुलाला तिच्यापासून लपवतो. होमायून सिद्की या मानवशास्त्रज्ञांनी जिरी खोऱ्यातल्या झाँक्रींकडून अशा हकिकती सविस्तर नोंदवल्या आहेत. बनझाँक्रीच्या या गोष्टीत बुद्धही नाही आणि राम-कृष्णही नाहीत. पण तोच शिकून आलेला मुलगा पुढे मंत्राच्या आरंभी महादेवाला आदिगुरू म्हणून नमस्कार करतो, आणि श्रावणी पौर्णिमेला ढोल घेऊन कालिञ्चोकला भगवतीच्या डोंगरावर जातो, सुमारे 3,800 मीटर उंचीवर. आपण ऐकलेला तिसरा शब्द हाच.

पायवाट, ढोलाच्या दोन्ही तोंडांवर काही काढलेले होते का? आठवत असेल तर लिहावे.

पायवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझा पहिला प्रश्न चुकीच्या जागेवरून विचारला होता, हे मला कळले.

औषधपेटी यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ढोल वाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला त्याच्या आईने आरोग्य चौकीवर नेले. कान सुजला होता. थेंब आणि गोळ्या मिळाल्या. आदल्या रात्री ढोल थांबल्यावर फोम्बोने आजीला काहीतरी बजावून सांगितले होते, ते मला तेव्हा समजले नव्हते. यजमानांनी नंतर सांगितले की सातो परत आणला आहे, आता कानाचे चौकीत दाखवा, असे तो म्हणाला होता. त्याने कोणाचे नाव घेतले नाही, हेही मी मुद्दाम विचारून घेतले.

देवराईजी, ढोलाच्या एका तोंडावर पांढऱ्या रंगाने त्रिशूळ काढलेला होता आणि दुसऱ्या तोंडावर सूर्य व चंद्र. मूठ लाकडाची, खाली टोकदार, आणि तिच्यावर एकावर एक चेहरे व गुंडाळलेला नाग कोरलेला होता. मी फोटो काढण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्याने ढोल उलटा करून भिंतीला टेकवला आणि नको म्हणाला. म्हणून फोटो नाही.

निघताना आजीने आम्हा दोघांच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला, आणि पुढे देउरालीच्या खिंडीत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती लागतील, त्या उजव्या हाताला ठेवून जा, असे दोनदा सांगितले. तो दोरा फोम्बोने दिलेला होता की लामाने, हे विचारायचे राहून गेले.